तोंडात जेमतेम चार दात, आणि दाताच्या डॉक्टरांकडे जायचे?

बाळाच्या पहिल्या वाढदिवसाच्या आत त्याला एकदा दाताच्या डॉक्टरांना दाखवून घ्या, असे बालरोगतज्ज्ञांनी सुचवले की बहुतेक आईवडील गोंधळतात. लशींचे वेळापत्रक त्यांना पाठ असते आणि वजनाची नोंद ते जपून ठेवतात. पण ज्या तोंडात अजून दोन खालचे आणि दोन वरचे दात डोकावत आहेत, तिथे तपासण्याजोगे काय असणार, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. आपल्याकडचा रिवाजही असा की दात ठणकू लागल्याशिवाय त्या दवाखान्याची पायरी चढायची नाही. अमेरिकेतील बालदंतचिकित्सकांची संघटना मात्र पहिला दात आल्यापासून सहा महिन्यांच्या आत, आणि उशिरात उशिरा पहिल्या वाढदिवसापर्यंत, पहिली भेट व्हावी असे सांगते. आपल्याकडचे बालदंततज्ज्ञही हेच सांगतात. बालदंततज्ज्ञ म्हणजे बीडीएस झाल्यानंतर केवळ मुलांच्या दातांचा तीन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यास केलेले डॉक्टर. ते जवळपास नसले, तरी मुलांची सवय असलेले कोणतेही दाताचे डॉक्टर या भेटीसाठी पुरेसे असतात.

या सल्ल्यामागे दोन कारणे आहेत. एक कारण दातांचे आहे. दुसरे मुलाच्या मनाचे आहे आणि, माझ्या मते, तेच अधिक महत्त्वाचे आहे.

दुधाचे दात पडणारच आहेत, मग एवढी काळजी कशाला?

हा आक्षेप प्रत्येक घरात ऐकू येतो, आणि आजीआजोबांकडून तर हमखास. दुधाचे दात एकूण २० असतात. साधारण सहाव्या महिन्यात खालचे पुढचे दात येऊ लागतात आणि अडीच ते तीन वर्षांपर्यंत सगळी बत्तिशी नव्हे, पण ही विशी पूर्ण होते. ते पडतात हे खरे, पण सगळे एकदम पडत नाहीत. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी हलू लागतात, तर मागच्या दाढा दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहतात. म्हणजे चौथ्या वर्षी दाढ किडली, तर त्याच दाढेवर मुलाला आणखी सहा-सात वर्षे भाकरी चावायची आहे.

शिवाय दुधाच्या दाढा खालून येणाऱ्या पक्क्या दातांसाठी जागा राखून ठेवतात. दाढ वेळेआधी काढावी लागली, तर शेजारचे दात त्या मोकळ्या जागेत सरकतात आणि पुढे पक्का दात वाकडा येतो किंवा अडकून राहतो. कीड मुळापर्यंत जाऊन तिथे पू झाला, तर खाली तयार होत असलेल्या पक्क्या दातावरही डाग किंवा खड्डा उमटू शकतो.

कीड मुळापर्यंत पोहोचायला वेळही फारसा लागत नाही. दाताच्या बाहेरच्या कठीण पांढऱ्या थराला इनॅमल म्हणतात. दुधाच्या दाताचे इनॅमल पक्क्या दाताच्या जवळपास निम्म्या जाडीचे असते आणि आतला नसेचा भाग त्या मानाने मोठा असतो. त्यामुळे मोठ्या माणसाच्या दातात जी कीड वर्षानुवर्षे रेंगाळते, ती मुलाच्या दातात काही महिन्यांत आत उतरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगभरात सुमारे ५१ कोटी मुलांचे दुधाचे दात किडलेले आहेत.

गोड किती खाल्ले, यापेक्षा किती वेळा खाल्ले

दातावर राहणारे जिवाणू साखर आणि पिठूळ पदार्थ खाऊन आम्ल तयार करतात आणि ते आम्ल इनॅमलमधील खनिजे विरघळवते. रॉबर्ट स्टीफन या संशोधकाने १९४० च्या दशकात दाखवून दिले, की गोड पदार्थ तोंडात गेल्यावर काही मिनिटांतच दातांवरचे आम्ल वाढते आणि लाळेच्या मदतीने ते पूर्ववत व्हायला अर्धा ते एक तास लागतो. पावसाळ्यात दोरीवर टाकलेल्या कपड्यांवर एक जोरदार सर येऊन गेली आणि मग ऊन पडले तर ते वाळतात, पण दिवसभर भुरभुर चालू राहिली तर संध्याकाळीही ओलेच राहतात. दातांचेही तसेच आहे. जेवणानंतर एकदाच खाल्लेला लाडू दात सहन करतात. दर तासाला तोंडात जाणारे बिस्कीट, राजगिऱ्याची वडी आणि पुन्हा बिस्कीट मात्र लाळेला दुरुस्तीची सवडच देत नाही.

सर्वांत घातक सवय म्हणजे साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून मुलाला झोपवणे. झोपेत लाळ कमी होते आणि दूध वरच्या पुढच्या दातांभोवती साचून राहते. खालचे दात जिभेआड आणि लाळेत असल्यामुळे बहुधा वाचतात. म्हणूनच दोन वर्षांच्या मुलाचे वरचे चार दात तपकिरी झालेले आणि खालचे शुभ्र असे दिसले, की डॉक्टर पहिला प्रश्न बाटलीबद्दल विचारतात.

पहिल्या भेटीत प्रत्यक्षात काय होते

फार थोडे होते, आणि तेच अपेक्षित असते. वर्ष-दोन वर्षांच्या मुलाला खुर्चीत एकटे बसवत नाहीत. डॉक्टर आणि आई समोरासमोर गुडघ्याला गुडघे लावून बसतात. मूल आईकडे तोंड करून तिच्या मांडीवर बसते आणि मग हलकेच मागे झुकवून त्याचे डोके डॉक्टरांच्या मांडीवर टेकवले जाते. मुलाला आईचा चेहरा दिसत राहतो, त्याचे हात आईच्या हातात असतात आणि डॉक्टरांना तोंड नीट दिसते. छोट्या आरशाने दात, हिरड्या, जीभ आणि टाळू पाहायला दोन-तीन मिनिटे लागतात.

उरलेला वेळ बोलण्यात जातो. रात्री दूध कसे पाजता, घरात पाणी नळाचे येते की बोअरवेलचे, ब्रश कोण करते, औषधे गोड सिरपच्या रूपात वारंवार द्यावी लागतात का, अंगठा चोखण्याची सवय आहे का, असे हे प्रश्न असतात. त्यांची उत्तरे खरी द्यावीत, कारण कीड लागण्याचा धोका त्यांवरूनच ठरतो आणि पुढची भेट तीन महिन्यांनी घ्यायची की सहा, हेही त्यावरूनच ठरते. घरात कोणी मशेरी लावत असेल आणि बाळाच्या हिरड्यांनाही ती कधी चोळली जात असेल, तर तेही न लाजता सांगावे. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू आहे आणि मुलाच्या तोंडात तिला जागा नाही.

डॉक्टर आणखी एक गोष्ट शोधतात, ती म्हणजे हिरडीलगत दातावर दिसणारी खडूसारखी पांढरी रेघ. कीड लागण्याची ती पहिली खूण. या टप्प्यावर दातात खड्डा पडलेला नसतो आणि झालेले नुकसान भरून येऊ शकते. एकदा खड्डा पडला की तो आपोआप भरत नाही. महिन्यातून एकदा मुलाचा वरचा ओठ उचलून ही रेघ आहे का, हे घरीही पाहता येते.

भीती खुर्चीची नसते, क्रमाची असते

मुलाच्या मनाकडे आता वळू. बहुतेक मुलांची दाताच्या डॉक्टरांशी पहिली ओळख कशी होते, ते पाहा. रात्रभर दाढ ठणकलेली असते, गाल सुजलेला असतो, झोप झालेली नसते, आईवडील घाबरलेले असतात. अशा अवस्थेत अनोळखी खोलीत, डोळ्यांवर येणाऱ्या दिव्याखाली, मास्क लावलेला अनोळखी माणूस तोंडात नेमका दुखणारा भाग चाचपतो. यानंतर मूल आयुष्यभर त्या खुर्चीला घाबरले, तर त्यात नवल काय?

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ ग्रॅहम डेव्ही यांनी १९८९ मध्ये याची दुसरी बाजू मांडली. दवाखान्यात वेदनादायक अनुभव येऊनही ज्यांच्या मनात कायमची भीती बसली नाही, अशा लोकांकडे त्यांनी पाहिले, तेव्हा त्या वाईट अनुभवाच्या आधी या लोकांच्या बऱ्याचशा साध्या, काहीही न दुखलेल्या भेटी झालेल्या होत्या, असे दिसले. जिथे आधी अनेकदा काहीच वाईट घडलेले नाही, त्या जागेशी एका वेदनेची गाठ मनात सहजासहजी पक्की बसत नाही. वर्षाच्या बाळाला नुसते दाखवून आणण्याचे हे खरे कारण. त्या भेटीत काही घडले नाही म्हणून ती वाया गेली, असे अनेकांना वाटते. वस्तुतः काही न घडणे हेच तिचे काम होते.

या भीतीत आपलाही वाटा असतो. ‘गप्प बस, नाहीतर डॉक्टर इंजेक्शन देतील’ ही धमकी कितीतरी घरांत जेवणाच्या वेळी, झोपेच्या वेळी आणि पाहुण्यांसमोर दिली जाते. ज्या माणसाला वर्षभर शिक्षा देणारा म्हणून उभे केले, त्याच्यासमोर मुलाने एके दिवशी हसत तोंड उघडावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. दाढ काढताना आपण कसे तळमळलो, याच्या कथा मुलासमोर रंगवून सांगणेही त्याच जातीचे. मोठ्यांना वाटते मूल खेळण्यात गुंग आहे. ते सगळे ऐकत असते.

खरी तयारी रोज रात्री होते

दवाखान्यात जाण्याच्या आदल्या दिवशी समजूत घालण्यापेक्षा रोज घासले जाणारे दात मुलाची अधिक तयारी करून घेतात. मुलाला आपल्या मांडीवर डोके ठेवून आडवे झोपवावे, आपण डोक्याच्या बाजूने वाकून त्याचा ओठ बोटाने बाजूला करावा आणि दात घासावेत. असे केल्याने दात नीट दिसतात, आणि हीच स्थिती डॉक्टरांकडे असणार असते. वरून वाकलेला चेहरा, ओठ बाजूला करणारे बोट, दाढेपर्यंत जाणारी वस्तू, या साऱ्याची त्याला रोज सवय होते. जे मूल घरी कोणाला तोंडाला हात लावू देत नाही, ते दवाखान्यात एकाएकी लावू देणार नाही.

मुलाला स्वतः ब्रश करण्याची हौस असते, ती जरूर पुरवावी. पण त्यानंतर एक हात मोठ्यांनी फिरवावा. हातावर पुरेसा ताबा सातव्या-आठव्या वर्षापर्यंत येत नाही, तोवर दात स्वच्छ होण्याची जबाबदारी मोठ्यांची.

तीन वर्षांच्या पुढच्या मुलाला भेटीविषयी एक-दोन दिवस आधी थोडक्यात सांगावे. आठवडाभर आधीपासून विषय लावून धरला, तर ही काहीतरी मोठी भानगड आहे, हे त्याच्या लक्षात येते. ‘उद्या आपण डॉक्टरमावशींकडे जाणार आहोत, त्या तुझे दात मोजणार आहेत’ एवढे पुरते. घरी चमचा उलटा धरून बाहुलीचे दात मोजावेत, मग मुलाने आईचे मोजावेत, मग आईने त्याचे. ‘अजिबात दुखणार नाही हं’ हे वाक्य मात्र टाळावे, कारण दुखण्याचा विचार ज्या मुलाच्या मनात नव्हता त्याच्याही मनात तो येतो. शिवाय ते वचन आपल्या हातातले नाही. मुलाने सरळच विचारले, ‘दुखेल का?’, तर ‘त्या काय करणार आहेत ते तुला आधी सांगतील आणि मी तुझ्याजवळ असेन’ हे उत्तर खरे आहे आणि पुरेसेही आहे. चॉकलेटचे आमिष दाखवू नये. त्यातला विनोद सोडला, तरी आमिष आहे म्हणजे काहीतरी कठीण असणार, हे मुलाला कळते.

वेळ मुलाच्या तब्येतीप्रमाणे घ्यावी. झोप झालेली, पोट भरलेले पण जेवून उठून थोडा वेळ गेलेला, अशी सकाळ सर्वांत सोयीची. शाळेतून दमून आलेल्या मुलाला संध्याकाळच्या गर्दीत तासभर बाकावर बसवून ठेवले, तर खुर्चीपर्यंत पोहोचण्याआधीच त्याचा धीर संपतो. मोठ्या भावंडाची तपासणी शांतपणे होत असेल, तर धाकट्याला ती जरूर पाहू द्यावी. भावंडच घाबरट असेल, तर त्या दिवशी त्याला घरी ठेवलेले बरे.

डॉक्टर मुलाशी बोलत असताना आपण मध्ये बोलू नये, हे पाळायला सर्वांत कठीण. १९५९ मध्ये ॲडलस्टन या दंतवैद्यांनी मांडलेली आणि आजही बालदंतचिकित्सेचा पाया मानली जाणारी एक पद्धत आहे: आधी सांगायचे, मग दाखवायचे आणि मगच करायचे. डॉक्टर सांगतात की ही नळी पाणी ओढते, मग ती मुलाच्या तळहातावर लावून दाखवतात, आणि नंतरच तोंडात नेतात. या तीन पायऱ्यांच्या मध्येच आईने ‘उघड ना रे, शहाणा ना तू’ आणि बाबांनी ‘घाबरतोस काय एवढा’ असे सुरू केले, तर मुलाने कोणाचे ऐकावे? हात धरून शांत बसणे, एवढीच त्या वेळची आपली भूमिका.

आणि तरीही ते रडले तर?

रडेलच, असे धरून चालावे. एक-दोन वर्षांचे मूल अनोळखी माणसाने स्पर्श केला की रडते, हे त्या वयाचे निरोगी वागणे आहे; त्यावरून त्याला वेदना झाल्या असा अर्थ निघत नाही. रडणाऱ्या मुलाचे तोंड उघडेच असते, त्यामुळे तपासणीही होऊन जाते. साधारण तिसऱ्या वर्षापासून मूल ऐकून, समजून साथ देऊ लागते.

मूल मोठे असून तोंड मिटूनच बसले आणि तातडीचे दुखणे नसले, तर त्या दिवशी खुर्ची वरखाली करून परत यायला हरकत नाही. केवळ नेहमीच्या तपासणीसाठी हातपाय धरून तोंड उघडवण्याइतकी घाई कशालाच नसते, आणि तसा आग्रह धरणाऱ्या दवाखान्याऐवजी दुसरा शोधावा, असे माझे स्पष्ट मत आहे. सूज किंवा ताप असेल तेव्हा गोष्ट वेगळी. तिथे थांबणेच धोक्याचे असते, आणि गुंगीचे औषध द्यावे की नाही यासारखे निर्णय डॉक्टरांशी बोलून घ्यावे लागतात.

तपासणीत खड्डा सापडला, तरी दर वेळी ड्रिल लागतेच असे नाही. सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड नावाचे द्रव औषध किडलेल्या भागावर लावून कीड थोपवता येते. इंजेक्शन लागत नाही, पण तो किडलेला भाग कायमचा काळा होतो. मागच्या दाढेवर ते बहुतेकांना चालते, पुढच्या दातावर चालेल का, हे आईवडिलांनी आधी ठरवावे.

फ्लोराइड आणि एक्स-रे यांची धास्ती

फ्लोराइड हे खनिज इनॅमलला आम्लापुढे टिकाव धरायला मदत करते. ते कमी पडले तर दात किडतात आणि लहानपणी पोटात फार गेले तर पक्क्या दातांवर पांढरे किंवा तपकिरी डाग येतात. ही भीती निराधार नाही. चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण जास्त आहे आणि तिथे असे डाग पडलेले दात दिसतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. डॉक्टर बोअरवेलबद्दल विचारतात ते यासाठीच.

टूथपेस्टच्या बाबतीत प्रश्न मात्रेचा आहे. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. १००० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत हजार भाग, फ्लोराइड असलेल्या पेस्टच्या तांदळाएवढ्या थेंबात जेमतेम ०.१ मिलिग्रॅम फ्लोराइड असते, तेव्हा मुलाने ते गिळले तरी चिंता नको. जाहिरातीत ब्रशभर पसरलेली पेस्ट दिसते, तेवढी मुलाला कधीच देऊ नये. मुलांसाठीच्या काही पेस्टमध्ये फ्लोराइड अजिबात नसते; खोक्यावर वाचून पाहावे. दवाखान्यात लावतात ते फ्लोराइड वार्निश दातांवर ब्रशने पातळ फासतात. ते तीव्र असले तरी फार थोडे लागते आणि लगेच दातावर चिकटून बसते. त्या दिवशी कडक खाणे टाळायला सांगतात, एवढेच.

एक्स-रे पहिल्या भेटीत सहसा काढत नाहीत. दाढा एकमेकींना चिकटल्या, की त्यांच्या मधली कीड डोळ्यांना दिसत नाही, तेव्हा त्याची गरज पडते. दाताच्या एका छोट्या एक्स-रेतून मिळणारा किरणोत्सर्ग आपल्याला माती, हवा आणि अवकाशातून दिवसभरात नैसर्गिकपणे मिळणाऱ्या किरणोत्सर्गाच्या आसपास असतो. तरीही ‘हा कशासाठी काढायचा आहे?’ असे विचारण्याचा हक्क आईवडिलांना आहे, आणि चांगले डॉक्टर त्याचे उत्तर देतात.

खर्च परवडत नसेल तर

नुसत्या तपासणीचा खर्च उपचाराच्या मानाने फारच कमी असतो. लहान मुलाच्या दाढेची नस साफ करून त्यावर स्टीलची टोपी बसवण्याची वेळ आली, की हा फरक कळतो. मुंबई आणि नागपूर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत आणि मुंबई महापालिकेच्या नायर रुग्णालय दंत महाविद्यालयात मुलांच्या दातांचे स्वतंत्र विभाग आहेत. रांग असते, पण डॉक्टरांना मुलांची सवय असते.

गावांकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे त्याची सुरुवात झाली. त्याची फिरती पथके अंगणवाडीतील मुलांना वर्षातून दोनदा आणि शाळांमधील मुलांना एकदा तपासतात, आणि त्या तपासणीत दातही असतात. पथक येऊन गेल्यावर मुलाच्या कार्डावर दातांबद्दल काही लिहिले आहे का, हे अंगणवाडीताईंना विचारून घ्यावे आणि पुढे पाठवण्याची शिफारस असेल तर ती चिठ्ठी घरात पडून राहू देऊ नये.

सहाव्या वर्षीची दाढ

सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून ती आल्याचे घरात कोणाच्या लक्षातही येत नाही, आणि आलीच लक्षात तर ती दुधाचीच समजली जाते. ती पक्की असते आणि आयुष्यभर पुरवायची असते. तिच्या वरच्या बाजूला खोल खाचा असतात, त्यांत ब्रशचे केस शिरत नाहीत, आणि त्यामुळे ती लवकर किडते. या खाचा सीलंट नावाच्या पातळ लेपाने बुजवता येतात. त्याला इंजेक्शन लागत नाही आणि ड्रिलही बहुधा लागत नाही. फक्त तेवढा वेळ दाढ पूर्ण कोरडी राहावी लागते, म्हणजे मुलाने तोंड मोठे उघडून, जीभ न हलवता, काही मिनिटे पडून राहावे लागते. पाच वर्षे त्या खुर्चीत दर सहा महिन्यांनी दात मोजून घेतलेल्या मुलाला हे सहसा जमते. त्याच खुर्चीत पहिल्यांदाच बसलेल्या मुलासाठी आधी एक-दोन नुसत्या भेटी ठेवाव्यात आणि लेपाचे काम त्यानंतर करावे.